हफ्ताराचे इंग्रजी पठन : पठनचिन्हे आणि भाषांतर

यहुदी सभास्थानात शब्बाथाच्या सकाळी तोराचा, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथाचा, नेमून दिलेला भाग वाचून झाला की त्यामागोमाग संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील एक उतारा विशिष्ट चालीवर म्हटला जातो. ह्या उताऱ्यास हफ्तारा अशी संज्ञा आहे. तिचा धात्वर्थ 'मोकळे करणे, समाप्त करणे' असा असून 'तोरा' ह्या शब्दाशी तिचे असलेले साम्य केवळ कानाला भासणारे आहे; दोन्ही शब्दांतील 'त' हिब्रूत भिन्न वर्णांनी लिहिला जातो. तोराच्या वाचनाची समाप्ती ह्या उताऱ्याने होते, एवढाच त्या संज्ञेचा आशय. हा उतारा मूळ हिब्रूत न म्हणता इंग्रजी भाषांतरात, परंतु हिब्रूसाठी ठरलेल्या चालीवरच, म्हणण्याची रीत अमेरिकेतील काही यहुदी मंडळांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळते. वरवर पाहता ही एक किरकोळ धार्मिक सुधारणा वाटेल. परंतु चाल ही शब्दांची असते, वाक्यरचनेची असते की अर्थाची असते, हा भाषाशास्त्राच्या व संगीतशास्त्राच्या सीमेवरील प्रश्न ह्या रीतीमुळे जितक्या स्पष्टपणे समोर येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. म्हणून तिचा येथे विचार करावयाचा आहे.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांचे सार्वजनिक वाचन निदान इसवी सनाच्या पहिल्या शतकाइतके जुने आहे. नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती यशयाचा ग्रंथ दिला गेल्याचे लूकने सांगितले आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांतही नियमशास्त्र व संदेष्टे यांच्या वाचनाचा एकत्र उल्लेख येतो. अँटायोकस राजाने तोराच्या वाचनास बंदी घातली व त्यामुळे पर्याय म्हणून संदेष्ट्यांचे वाचन सुरू झाले, ही सर्वत्र सांगितली जाणारी उपपत्ती मात्र चौदाव्या शतकातील अबुदरहाम यांच्या ग्रंथामुळे प्रसृत झालेली आहे. तीस प्राचीन आधार नाही. ती इतकी लोकप्रिय का झाली हे समजण्यासारखे आहे, पण इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही.

ह्या वाचनाची चाल कोठून येते? तोराच्या चर्मपत्राच्या गुंडाळीवर केवळ व्यंजने लिहिलेली असतात. स्वरमात्रा नसतात, पठनाची चिन्हेही नसतात. वाचकाने ती सर्व मुखोद्गत करून यावयाचे असते. हफ्तारा मात्र बहुतेक मंडळांत छापील पुस्तकातून वाचला जातो व त्यात स्वरमात्रांबरोबर प्रत्येक शब्दावर वा शब्दाखाली एक पठनचिन्ह असते. ह्या चिन्हांस तआमीम म्हणतात. एकवचनी 'ताअम' ह्या शब्दाचे अर्थ 'रुची' आणि 'आशय' असे दोन्ही होतात, आणि ह्या चिन्हांच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. तिबेरिया येथील मासोरा-पंडितांनी सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान ही पद्धती पूर्णत्वास नेली. आरोन बेन आशेर याने चिन्हांकित केलेली आलेप्पोची पोथी सुमारे इ. स. ९३० मधील, तर संपूर्ण ग्रंथाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पोथी, जी लेनिनग्राड पोथी ह्या नावाने ओळखली जाते, ती १००८ च्या सुमाराची आहे.

चिन्हांचे कार्य तिहेरी आहे. एक, शब्दातील आघात कोणत्या अवयवावर आहे हे बहुतांश चिन्हे दाखवितात. दुसरे, तो शब्द पुढच्या शब्दाशी जोडावयाचा की त्यापासून तोडावयाचा हे ती सांगतात. तिसरे, त्या शब्दावर कोणती स्वराकृती गावयाची ह्याची ती खूण असतात. ह्या तिहींपैकी दुसरे कार्य सर्वांत महत्त्वाचे. विल्यम विक्स यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गद्य-ग्रंथांच्या पठनचिन्हांवरील प्रबंधात ह्या रचनेचे मर्म उत्तम रीतीने मांडले आहे : प्रत्येक वचन प्रथम दोन भागांत विभागले जाते, मग त्यांतील प्रत्येक भाग पुन्हा दोहोंत, आणि असे विभाजन शब्द संपेपर्यंत चालते. विच्छेदक चिन्हांना सम्राट, राजे, सरदार अशा श्रेणी देण्याची जुनी युरोपीय पद्धत विनोदी वाटली तरी तिच्यात तथ्य आहे. वचनाच्या अखेरीस सिल्लूक, मध्यावर एतनाख्ता, त्याहून दुय्यम विरामांसाठी झाकेफ, आणि सिल्लूक वा एतनाख्ता यांच्या आधी जवळजवळ नेमाने येणारा तिफ्खा, एवढी चार नावे लक्षात ठेवली तरी पुढील विवेचनापुरती पुरेशी होतात. हिब्रू वचनाचे हे जणू वाक्यपृथक्करणच असून ते गाऊन दाखविले जाते.

आपल्याकडील अभ्यासकास येथे वैदिक स्वरांचे स्मरण होणे साहजिक आहे. पण साम्य मर्यादित आहे. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे मुख्यतः पदाचे धर्म. वाक्यातील स्थानामुळे त्यांत फरक पडतो खरा, परंतु वाक्याचे विभाजन दाखविणे हे त्यांचे प्रयोजन नव्हे. 'इन्द्रशत्रु' ह्या शब्दातील स्वर चुकल्याने तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला व यजमानाचाच घात झाला, ही पतंजलीने उल्लेखिलेली कथा एका समासाची कथा आहे. हिब्रू चिन्ह चुकले तर बहुधा समास बिघडत नाही. वाक्य दुसरीकडे तुटते. दुसराही भेद आहे. वेदमंत्रांचे भाषांतर करून ते त्याच स्वरांत म्हणावे, ही कल्पना वैदिक परंपरेत संभवतच नाही. यहुदी परंपरेत मात्र पठन आणि भाषांतर ही दोन्ही फार प्राचीन काळापासून एकाच उपासनेत शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

हा शेजार कसा होता हे पाहिल्याखेरीज आजच्या इंग्रजी पठनाचे वेगळेपण कळणार नाही. सामान्य यहुदी जनांची भाषा अरामी झाल्यावर वाचकाशेजारी एक भाषांतरकार उभा राहू लागला. त्यास मेतुर्गमान म्हणत. मिश्नातील मेगिल्ला प्रकरणाचा नियम असा की, तोरा वाचताना एकेका वचनानंतर भाषांतरकारास अवसर द्यावा. संदेष्ट्यांच्या वाचनात मात्र तीन वचने एकदम वाचली तरी चालतील, फक्त ती तीन वचने तीन निरनिराळ्या परिच्छेदांतील असू नयेत. नियमशास्त्रात शब्दाशब्दास बंधनकारक मूल्य, तर संदेष्ट्यांच्या वाणीत आशयाचा ओघ महत्त्वाचा, हा विवेक ह्या सवलतीत दिसतो. तालमुदात आणखी काही तपशील येतात. भाषांतरकाराने आपला आवाज वाचकाहून चढवू नये. हफ्तारा निदान एकवीस वचनांचा असावा, पण भाषांतर होत असेल तेथे कमी वचनांवर थांबता येते. म्हणजे श्रोत्यांच्या सहनशक्तीचाही विचार झालेला होता! आणि वचनाचे शब्दशः भाषांतर करणारा खोटे बोलतो, तर पदरचे घालणारा ईश्वराची निंदा करतो, अशा आशयाचे रब्बी यहूदा यांचे मत प्रसिद्धच आहे. भाषांतराच्या मीमांसेतील सारी अडचण त्या एका मतात सामावलेली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्या साऱ्या नियमांचा गाभा एकच : मूळ आणि भाषांतर हे दोन आवाज आहेत आणि ते श्रोत्यांना दोनच ऐकू आले पाहिजेत. वाचक पोथीकडे पाहून, चिन्हांनुसार गाऊन वाचतो. भाषांतरकार पोथी न पाहता तोंडी सांगतो. पावित्र्याची उतरंड अशी कानांनीच कळत असे.

ही उतरंड सर्वांना मान्य होती असे मात्र नाही. इ. स. ५५३ मध्ये सम्राट जस्टिनियन याने काढलेल्या एका फर्मानावरून असे दिसते की, सभास्थानात केवळ हिब्रू वाचावे की ग्रीकही चालावे, ह्यावरून त्याच्या राज्यातील यहुद्यांत तंटा माजला होता. सम्राटाने ग्रीक वाचनास मोकळीक दिली. त्यात त्याचा स्वतःचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. पुढे अरामी बोलभाषा म्हणून मागे पडल्यावर बहुतेक देशांत मेतुर्गमान नाहीसा झाला. येमेनी यहुद्यांनी मात्र ही प्रथा सोडली नाही, आणि स्पेनमधून हद्दपार झालेल्यांच्या वंशजांत आब महिन्याच्या नवमीच्या शोकदिनाचा हफ्तारा लादिनो भाषेत म्हणण्याचा प्रघात टिकला. धर्मग्रंथांच्या भाषांतरात वापरली जाणारी लादिनो ही हिब्रूच्या शब्दक्रमास शब्दागणिक चिकटून राहते; स्पॅनिश जाणणाऱ्यास ती वाकडीतिकडी वाटते. तिचे हे वाकडेपण इंग्रजी पठनाच्या संदर्भात पुन्हा आठवावे लागेल.

आधुनिक काळाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत व नंतर अमेरिकेत पसरलेल्या सुधारणावादी पंथाने चालीवरचे पठन बहुतांशी टाकून दिले आणि हफ्तारा देशभाषेत, साध्या बोलण्याच्या सुरात वाचण्यास आरंभ केला. सुरांत म्हणणे त्या पिढीस प्राच्य व असंस्कृत वाटे. आयझॅक लीसर यांचे इंग्रजी भाषांतर १८५३ मध्ये व ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीचे पहिले भाषांतर १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच संस्थेचे संदेष्ट्यांच्या ग्रंथांचे नवे भाषांतर १९७८ मध्ये आले. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन यहुद्यांपुढे दोन पर्याय होते : न कळणारे पण गायिलेले हिब्रू, किंवा कळणारे पण न गायिलेले इंग्रजी. तेरा वर्षांचा मुलगा महिनोन्महिने घोकून हफ्तारा गातो आणि त्यातील एका वाक्याचाही अर्थ त्यास वा श्रोत्यांस ठाऊक नसतो, ही तक्रार त्या काळी वारंवार ऐकू येई. ह्या दोन पर्यायांत तिसरा काढण्याचा प्रयत्न ज्यू रिन्यूअल ह्या चळवळीच्या मंडळांत विशेष झाला. रब्बी झाल्मन शाख्टर-शालोमी (१९२४–२०१४) हे तिचे प्रवर्तक. हसिदी परंपरेत वाढलेल्या ह्या गृहस्थांस चालीचे मोल ठाऊक होते व अमेरिकेतील श्रोत्यांची गरजही ठाऊक होती. इंग्रजी भाषांतर हिब्रूच्या चालीत म्हणण्याची रीत त्यांच्यामुळे रुजली.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. इंग्रजी उताऱ्यास हिब्रू चाल लावण्याचे मला तीन मार्ग दिसतात. पहिल्यात इंग्रजी वाक्याचे स्वतंत्र पृथक्करण करून त्यावर नव्याने चिन्हे मांडावयाची; हिब्रूतील चिन्हे कोठे होती ह्याचा विचार करावयाचा नाही. दुसऱ्यात प्रत्येक हिब्रू शब्दाचे चिन्ह त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दावर जसेच्या तसे न्यावयाचे, आणि त्यासाठी लागल्यास भाषांतराचा शब्दक्रम बदलावयाचा. तिसऱ्यात बहुतेक शब्द एकाच स्थिर स्वरावर म्हणून केवळ प्रमुख विरामांच्या जागी त्या त्या स्वराकृती आणावयाच्या. हा तिसरा मार्ग ख्रिस्ती मठांतील स्तोत्रपठनाच्या जवळ जातो. तो सोपा आहे, पण त्यात हफ्ताराची ओळखच पुसट होते. त्याचा अधिक विचार नको.

पहिल्या दोहोंतील फरक एका वचनावरून उत्तम कळतो. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील तिसरे वचन घ्यावे. आब महिन्याच्या नवमीनंतरच्या सांत्वनाच्या शब्बाथास हा अध्याय वाचला जातो. वचनात एक घोषणा करणारा ध्वनी आहे, रान आहे, आणि परमेश्वरासाठी सिद्ध करावयाचा मार्ग आहे. प्रश्न असा की, रान कोणाचे? ध्वनी रानात उठतो, की मार्ग रानात करावयाचा? सेप्टुअजिंट ह्या ग्रीक भाषांतराने व त्यास अनुसरून शुभवर्तमानांनी रान ध्वनीस जोडले. योहान बाप्तिस्मा करणारा रानात राहत होता, तेव्हा ख्रिस्ती परंपरेस तो अर्थ सोयीचाच होता. १६११ चे राजा जेम्सचे इंग्रजी भाषांतर त्याच वाटेने गेले. मासोरा-पंडितांनी मात्र घोषणा करणाऱ्याच्या शब्दावर झाकेफ ठेवून तेथे वाक्य तोडले आणि रान पुढील आज्ञेस जोडून दिले. वचनाच्या उत्तरार्धात वाळवंट हा शब्द मार्गाशीच निगडित असल्याने समांतर रचनेच्या दृष्टीने हाच अन्वय ग्राह्य ठरतो, आणि १९१७ च्या यहुदी भाषांतराने तसेच १९५२ च्या ख्रिस्ती सुधारित आवृत्तीनेही तो स्वीकारला आहे. म्हणजे विरामाची एक खूण दोन धर्मांच्या अर्थनिर्णयाचा भेद दाखविते. पहिल्या मार्गाने जाणाऱ्या वाचकाच्या हाती जर राजा जेम्सचे भाषांतर पडले, तर तो यहुदी चालीतून सेप्टुअजिंटचा अन्वय गाईल आणि त्याच्या ते लक्षातही येणार नाही.

दुसरा मार्ग हा धोका टाळतो, परंतु नव्या अडचणी उभ्या करतो. त्याच वचनातील 'बम्मिद्बार' हा हिब्रू शब्द पाहा. अव्यय, उपपद व नाम एकाच शब्दात. आघात शेवटच्या अवयवावर. आणि चिन्ह झाकेफ गादोल. हे 'गादोल', म्हणजे मोठे, झाकेफ अर्थाच्या दृष्टीने धाकट्या झाकेफहून मोठे नसते. झाकेफच्या शब्दामागे त्यास जोडलेला वा त्याच्या अंकित असलेला शब्द नसेल, तो शब्द एकटा असेल, तेव्हा धाकट्याच्या जागी हे येते. इंग्रजीत ह्या एका शब्दाचे तीन शब्द होतात आणि 'विल्डर्नेस' ह्या शब्दातील आघात पहिल्याच अवयवावर येऊन पुढे दोन निर्बल अवयव लोंबत राहतात. शब्द एकटा राहिला नाही, मग गादोल तरी कशासाठी? आणि स्वराकृती जेथे टिपेस पोहोचावयाची ती आघातानंतरच्या निर्बल अवयवांवर पसरली तर इंग्रजी कानास ते खटकते. वचनाच्या अखेरीस नेमके उलट घडते. 'एलोहेनू' ह्या शब्दात आघात उपान्त्य अवयवावर असल्याने सिल्लूकचा शेवटचा सूर विसावण्यास एक निर्बल अवयव मिळतो. इंग्रजीत तेथे 'गॉड' हा एकाक्षरी शब्द येतो व सारे समापन त्या एका अक्षरावर ओढावे लागते. ईश्वरनामाचेही तसेच. वाचनात 'अदोनाय' असे तीन अवयव उच्चारले जातात. इंग्रजी 'लॉर्ड'ला एकच. काही वाचक येथे हिब्रू नामच ठेवतात, आणि ते योग्य वाटते.

शब्दक्रमाची अडचण याहून बिकट आहे. हिब्रूत क्रियापद बहुधा आधी, विशेषण नामाच्या मागून. चिन्हे त्याच क्रमाने हवी असतील, तर इंग्रजी वाक्य हिब्रू साच्यात बसवावे लागते. लादिनो भाषांतरांनी नेमके हेच केले होते. मार्टिन बूबर व फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी १९२५ पासून हाती घेतलेल्या व बूबर यांनी १९६१ मध्ये पूर्ण केलेल्या जर्मन भाषांतराचा आदर्शही येथे आठवतो. ग्रंथ हा मोठ्याने म्हणण्यासाठी आहे ह्या धारणेने त्यांनी मजकूर श्वासाच्या मापाने ओळींत तोडला व जर्मन भाषेस हिब्रूच्या वळणावर नेले. अमेरिकेत एव्हरेट फॉक्स यांनी तोच मार्ग इंग्रजीत चोखाळला; त्यांचे पंचग्रंथाचे भाषांतर १९९५ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. असे भाषांतर वाचताना ठेच लागते, पण गाताना ती ठेच पुष्कळ अंशी नाहीशी होते. गायनात शब्दक्रमाचे अपरिचितपण आपण सहज मान्य करतो. आपल्या अभंगांचा अनुभवही असाच आहे.

लेखाचे उद्दिष्ट तंत्रवर्णनापुरते मर्यादित असते, तर येथे थांबता आले असते. परंतु दुसऱ्या मार्गाच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते तपासले पाहिजे : भाषांतरकाराने चिन्हांचा अन्वय स्वीकारलेला आहे, हे ते गृहीत. आधुनिक भाषांतरकार चिन्हांचा मान राखतात, पण ती अंतिम समजत नाहीत. यशयाच्या पहिल्या अध्यायातील नववे वचन हे त्याचे सुपरिचित उदाहरण. तेथील 'किम्आत' हा शब्द एतनाख्ताने मागील खंडास जोडलेला आहे, त्यामुळे वाचलेल्यांची संख्या अल्प होती असा अर्थ होतो. काही भाष्यकार तो पुढील खंडाकडे नेतात व सदोमसारखी दशा 'जवळजवळ' झाली असती, असा अर्थ करतात. ह्या दुसऱ्या अर्थाचे भाषांतर हाती घेऊन त्यावर हिब्रूची चिन्हे चढविली, तर सूर एका जागी तुटेल आणि अर्थ दुसऱ्या जागी. हा अध्याय नवमीपूर्वीच्या शब्बाथास वाचला जातो व अनेक अश्केनाझी मंडळांत त्याचा बराचसा भाग विलापगीताच्या चालीवर म्हटला जातो. तेव्हा अशा विसंगतीची जाणीव तेथे अधिकच तीव्र होईल. माझ्या मते गाऊन म्हणावयाच्या भाषांतरात मासोरा-पंडितांचा अन्वयच पाळला पाहिजे. तो सर्वत्र बरोबर आहे असे नाही. पण ज्या चालीचा आधार घेतला ती त्याच अन्वयाची चाल आहे. वेगळा अन्वय हवा असेल त्याने तो गद्यात वाचावा.

लेखनाचीही एक अडचण आहे, ती लहान पण बोलकी. चिन्हांपैकी काहींची आकृती दिशादर्शक आहे, आणि ती उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीसाठी घडलेली आहे. इंग्रजी अक्षरांखाली ती मांडताना आरशातल्याप्रमाणे उलटावीत की तशीच ठेवावीत? उलटली तर एका चिन्हाची आकृती दुसऱ्यासारखी दिसू लागण्याचा संभव असतो. न उलटली तर ती शब्दाच्या प्रवाहाविरुद्ध तोंड करून बसतात.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. मुंबईत १८४६ मध्ये हिब्रू हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापला गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या समाजात बायबलातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. त्यांनी देशभाषेत गाण्यासाठी देशी चालच घेतली, आणि कीर्तन सभास्थानातील नेमलेल्या वाचनाहून निराळे ठेवले. मेतुर्गमानाच्या काळातील दोन आवाजांचा विवेक येथे वेगळ्या रूपाने पाळला गेला असे म्हणता येईल. अमेरिकेतील इंग्रजी पठनात हे दोन आवाज एकाच कंठात आले आहेत, आणि जुन्या शास्त्राच्या दृष्टीने त्यातील खरा पेच हाच आहे : श्रोत्यास भाषांतर हे भाषांतर म्हणून ओळखू यावे कसे? चालीमुळे त्यास मूळाची प्रतिष्ठा आपोआप प्राप्त होते, आणि भाषांतरकाराची प्रत्येक निवड संदेष्ट्याच्या मुखीची वाटू लागते.

काही ठिकाणी ह्यावर व्यावहारिक तोडगा काढलेला दिसतो. आरंभीची काही वचने हिब्रूत, मधला भाग इंग्रजीत, आणि शेवटची वचने पुन्हा हिब्रूत. हफ्ताराच्या आधीचा एक व नंतरचे चार आशीर्वचनपाठ हिब्रूतच राहतात. अश्केनाझी परंपरेत अखेरच्या शब्दांची स्वराकृती नेहमीच्या सिल्लूकहून वेगळी व संथ असते; ती कानी पडताच पुढील आशीर्वचनाची वेळ झाली हे मंडळीस पुस्तकाकडे न पाहता कळते. इंग्रजीत पठन करणारेही तेवढी आकृती हिब्रू शब्दांवरच गाणे सहसा पसंत करतात.